मिशीआडचे शब्द

वैनी,

तू गेलीस त्या दिवसापासून आपल्या घरात सगळे हळू बोलायला लागलेत. तुला हसू येईल, पण खरंच. आबासुद्धा. ज्या म्हाताऱ्याची हाक किनाऱ्यावरून निघाली की खाडीपलीकडचा माणूस मान वर करायचा, तो तिसऱ्या दिवशी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "च्या झाला काय?" मला वाटलं, काहीतरी गुपित सांगतोय. दुखवट्याच्या घरात आवाज चढवायचा नाही, एवढी अक्कल आपल्या लोकांना आहे. फक्त सगळे कुजबुजायला लागल्यावर जयूची पंचाईत झाली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बिचारी ह्याच्या तोंडाकडे बघते, त्याच्या तोंडाकडे बघते. पण माना खाली घालून बसलेल्या माणसांची तोंडं दिसणार कशी? शेवटी कानाचं मशीन बंद करून आत जाऊन बसते. तू असतीस तर पहिल्याच दिवशी म्हणाली असतीस, "रडायचं तर मान वर करून रडा."

मंडळाच्या अंकात तुझ्यावर चार ओळी हव्यात म्हणून पोरं आली होती. "काका, तुमी घरातले लिहिणारे." आता लिहिणारा म्हणजे कोण, तर बोईसरला कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेरीचे रकाने भरणारा. पण गावात तेवढं पुरतं. आजवर दहाबारा मेलेल्या माणसांवर मी लिहून दिलंय. सगळे मनमिळाऊ होते. त्यातले दोघे जन्मभर एकमेकांवर कोर्टात दावे लावून बसले होते, तेही मनमिळाऊ. तुझ्यावरही तसाच एक कागद केला आणि सवयीनं वर बघितलं. पाटावर बसून तू ऐकशील आणि शेवटी म्हणशील, "भावोजी, बेस हाय. पण ह्यात मी कुठं हाय?" मग तो कागद फाडला. म्हटलं, अंकाला नंतर बघू, आधी तुलाच लिहावं.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा आई आठ दिवसांनी शेजारणीला म्हणाली होती, "सून मुकी दिलीन काय?" तुझे वडील पालघरला रात्रपाळीचे वॉचमन. दिवसभर ते एका खोलीत झोपलेले आणि त्याच खोलीत तुम्ही पाच भावंडं वाढलात. भांडणंसुद्धा ओठातल्या ओठात करत असाल. आणि आलीस ती आमच्या घरी. इथं समुद्राचा वारा, होडीच्या इंजिनाची धडधड आणि बोंबील वाळवायच्या वलांड्यांवर घिरट्या घालणारे कावळे, ह्या तिघांच्या वर आवाज काढल्याशिवाय माणसाला माणूस ऐकू येत नाही. दादा होडीवरचा तांडेल. तो शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा दुसऱ्या होडीवर असल्यासारखा बोलतो. आम्ही मायेनं बोललो तरी वाटसरूला वाटायचं मारामारी चाललीय. आणि त्या गदारोळात तू एका कोपऱ्यात काहीतरी म्हणायचीस आणि पाच मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, "वैनी काय बोलली काय?"

म्हणून तर ते फक्त तुझ्याच लक्षात आलं. इतकी साधी गोष्ट, की अजून आठवली तरी माझे कान गरम होतात.

जयू दुसरीत होती. एक दिवस शाळेतून निरोप आला म्हणून मी सुट्टी टाकून गेलो. हेडमास्तरांच्या खोलीत दुसरीच्या बाई होत्या. बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी हाक मारली तर बघत नाही. सांगितलेलं कळत नाही. बाकीची मुलं लिहितात तेव्हा ही खिडकीबाहेर बघते." हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मंद आहे. वाईट वाटून घेऊ नका. घरकामात तरबेज होईल. इथं बसवून तिचाही वेळ जातो, आमचाही." आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "हो सर. आभारी आहे सर." आख्ख्या कंपनीला पंच-कार्डासाठी रांगेत उभं करणारा मी, माझ्या मुलीला शाळेतून काढतायत आणि मी आभार मानतोय. शाळेच्या पायरीवर आलो की मी अजून तिसरीतलाच असतो. काय करणार.

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "मंद नाय काय नाय, आळशी हाय, बापावर गेली." जयूची आई रडायला लागली. दादा म्हणाला, मास्तरला बघून घेतो. ह्या सगळ्या आरडाओरडीत तू तुरीच्या डाळीतले खडे निवडत होतीस. तू काहीतरी म्हणालीस. कुणी ऐकलं नाही. तू परत म्हणालीस. मग आबांनीच हात वर केला, "गप रे सगळे. काय गो?"

"जयूला ऐकू येत नाय," तू म्हणालीस.

आम्ही हसलो की गं सगळे! मी तर म्हणालो, "वैनी, मी पडवीतून हाक मारतो तर ही विहिरीवरून पळत येते."

"तुमी हाक मारता तेवा भांडं आपटता. दार वाजवता. तुमची हाक तर कावळ्यालापण कळते, भावोजी." मग तू उठलीस, डब्यातून गुळाचा खडा काढलास. जयू चुलीपाशी पाठमोरी बसून मांजराशी खेळत होती. तू तिच्या मागं उभी राहिलीस आणि तुझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालीस, "जयू, गूळ घे." जयू मांजराशी खेळत राहिली. "जयू, गूळ घे." काही नाही. मग तू वळसा घालून तिच्या समोर गेलीस, खाली बसलीस, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवलेस. जयूनं लगेच हात पुढं केला.

आपल्या घरात इतकी शांतता त्याआधी कधी झाली असेल तर मला आठवत नाही. आबा किती तरी वेळ जयूकडे बघत राहिले. जयू गूळ खात होती.

पुढं आपण तिला घेऊन पालघरला डॉक्टरकडे निघालो तेव्हा एस.टी.त मी तुला विचारलं, "वैनी, कळलं होतं तर आधी का बोलली नाय?" तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. म्हणालीस, "मला दोन वर्सं वाटायचं, हिला मी आवडत नाय. सगळ्यांकडे जाते, मी बोलवलं का येत नाय. म्हणून मी बोलवायचंच सोडलं होतं." एवढंच. मग घाटावरच्या भाजीचे भाव, काय काय बोलत राहिलीस. तुला मूल झालं नाही हा विषय आपल्या घरात कुणी काढत नसे, आणि त्या दिवशीही मी काढला नाही. आता काढतोय, तर तू नाहीस. तेव्हा नुसतं "नाय गो वैनी" एवढं म्हणायला काय झालं होतं मला?

पालघरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, तिथं कानाची तपासणी झाली आणि मशीन मिळालं. बिस्किटाच्या पुड्याएवढी डबी, ती छातीवर बांधायची आणि तिथून कानापर्यंत वायर. तू त्याला खणाची पिशवी शिवलीस, गणवेशाला आतून लूप लावलास. पोरं तिला "रेडिओ" म्हणायला लागली. खाऱ्या हवेनं सेलच्या पट्ट्या गंजायच्या, वायर महिन्यात तुटायची. आमच्या कंपनीतला बिहारी इलेक्ट्रिशियन ती डाग देऊन जोडायचा आणि दर वेळी म्हणायचा, "बाबूजी, बिटिया से कहिए समंदर से थोड़ा दूर रहे." आमच्या घरातल्या मुलीला!

मुंबईच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, मुलगी हुशार आहे, तिला पुढच्या बाकावर बसवावं, शिकवणाऱ्याचं तोंड तिला दिसावं. मला वाटलं झालं काम. चिठ्ठी दिली की शाळा ऐकणार. हेडमास्तरांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "पन्नास पोरं आहेत वर्गात. एकीसाठी किती करायचं? अशा मुलांच्या मुंबईला शाळा असतात." मी परत "हो सर" म्हणण्याच्या बेतात होतो. तू दाराशी उभी होतीस. तू काहीतरी म्हणालीस.

"काय?" हेडमास्तर म्हणाले.

तू परत म्हणालीस.

"अहो बाई, मोठ्यानं बोला. काही कळत नाही."

"हेच," तू म्हणालीस, एवढंसं मोठ्यानं, "हेच तिला रोज होतं, सर. दोन वर्सं. आणि तुमी तिला मंद बोलला."

हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा पुन्हा चढवला आणि म्हणाला, "लेखी द्या."

लेखी म्हटल्यावर माझा नंबर! त्या संध्याकाळी मी छान दोन पानी अर्ज केला. आपल्या कृपाछत्राखाली, सविनय, नम्रपणे, आपला आज्ञाधारक. तुला वाचून दाखवला. तू सातवी शिकलेली. ऐकलंस आणि म्हणालीस, "भावोजी, ह्यात विनंती तीनदा हाय. मागणं एकदापण नाय." मला राग आला. खरंच आला. टाइम ऑफिसात साहेबसुद्धा माझ्या अर्जांची तारीफ करायचे. पण तू चूल सोडून समोर बसलीस आणि बोटांवर मोजून सांगायला लागलीस. खिडकीच्या बाजूचा पहिला बाक. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, आधी लिहायचं, मग वळून बोलायचं. शुद्धलेखन सांगताना तिच्यासमोर उभं राहून सांगायचं. आणि नापास करायचं तर आधी घरी कळवायचं. "आणि खाली लिवा, हे केलं का नाय ते आमाला पंधरा दिवसांत सांगा."

"वैनी, पंधरा दिवस आपण त्यांना कसे देणार? ते आपल्याला देतात."

"तुमच्या कंपनीत कामगार उशिरा आला तर तुमी किती दिवस देता?"

अर्ज अर्ध्या पानाचा झाला. माझ्या आयुष्यातला सर्वात छोटा आणि सर्वात उपयोगी. पंधरा दिवसांत काही झालं नाही, म्हणून सोळाव्या दिवशी तू तो परत लिहायला लावलास, आणि शाळेची तपासणी करायला शिक्षण खात्याचे साहेब आले त्या दिवशी त्यांच्या हातात दिलास. तेही म्हणाले, "काय? जरा मोठ्यानं." शेवटी खुर्ची पुढं ओढून तुझ्याकडे कान करून बसले. मी तेव्हाच ओळखलं. तुझं ऐकायचं तर माणसाला गप्प बसावं लागतं, जवळ यावं लागतं. आम्ही जन्मभर ओरडून जे मिळवलं नाही ते तू असं मिळवायचीस. साहेबांनी शाळेच्या वहीत शेरा मारला. जयू पहिल्या बाकावर गेली आणि तिसरीत वर्गात चौथी आली. मी कंपनीत पेढे वाटले. अर्ज माझाच होता ना!

आता ती गोष्ट. तुला वाटत असेल मी टाळतोय. टाळतच होतो.

चौथीला शिंदे गुरुजी आले. घाटावरचे, भला माणूस, शिकवायला एक नंबर, आणि मिशी अशी की वरच्या ओठाचा पत्ता नाही, खालचाही अर्धा झाकलेला. पहिल्या सहामाहीत जयूचं शुद्धलेखन घसरलं. दहापैकी आठ घेणारी पोर शून्यावर आली. गुरुजी तर समोर उभं राहून सांगायचे, सगळं साहेबांच्या शेऱ्याप्रमाणं. मशीन तपासलं, सेल बदलले. शेवटी तू तिला मांडीवर घेऊन विचारलंस. जयू म्हणाली, "काकी, गुरुजींना तोंड नाय."

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "नाय वैनी. हा अर्ज मी लिहिणार नाय." विषय, मिशी कमी करणेबाबत! गावात तोंड दाखवायला जागा राहिली असती काय? चौथीवर तिची शाळा अडली असती हे मला कळत होतं. वार्षिक परीक्षेत ती नापास झाली की हेडमास्तर पुन्हा मुंबईच्या शाळेचं काढणार, आणि आई म्हणणार, बस झालं, वलांडीवर चल. सगळं कळत होतं. तरीही नाय म्हणालो. मग तू नुसती चप्पल घातलीस आणि निघालीस, आणि मला मागं यावं लागलं.

गुरुजी खोलीत एकटेच राहायचे. आपल्याला बघून त्यांनी घाईनं सदरा चढवला. तू जयूचं सगळं सांगितलंस. ते तुझ्याकडे कान देऊन ऐकत होते. मग तू ते बोललीस. गुरुजींचा हात आपोआप मिशीवर गेला.

"माझी?"

"पूर्ण नाय. ओठावरची तेवढी," तू म्हणालीस.

मी छताचे वासे मोजत होतो. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझीही मिशी काही लहान नव्हती. आपल्या घरातले सगळे पुरुष मिशीवाले. "आणि ह्यांची?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील हायत अजून," मी म्हणालो. बाप जिवंत असताना मिशीला हात लावायचा नाही, ही आपली रीत. बाप गेल्यावरच ती उतरते.

"माझेही आहेत," गुरुजी म्हणाले.

बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी कोंबडीकडे.

सोमवारी शिंदे गुरुजी शाळेत आले ते ओठावरची मिशी कातरून. पोरं हसली. गुरुजींनी सगळ्या वर्गाला शुद्धलेखन घातलं आणि जयूनं दहापैकी नऊ घेतले. त्या मास्तरचे पाय धरावेत असं मला वाटलं. धरले नाहीत. बाजारात समोर आले की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो. का, ते तुला ठाऊक होतं. तू रस्त्यात मला म्हणाली होतीस, "भावोजी, परक्या माणसानं कापली."

मी म्हणालो, "माझं तिला ऐकू येतं. मी ओरडून बोलतो."

"ओरडता म्हणून आवाज येतो तिला. शब्द येत नाय."

ह्यावर आपलं भांडण लागलं ते बारा वर्षं मिटलं नाही. तू त्याची चेष्टा केलीस म्हणून ते चाललं. दर दिवाळीला पहिल्या आंघोळीच्या वेळी तू शिवणाच्या डब्यातली कातर घेऊन यायचीस, "भावोजी, देऊ काय?" मी आबांकडे बोट दाखवायचो. सगळे हसायचे. जयूही हसायची. ती कशाला हसते ते तिला कधी कळलं का, मी विचारलं नाही.

आता तू नाहीस तर खरं सांगतो. आबांचं निमित्त होतं. आबा नसते तर मी दुसरं काही शोधलं असतं. शाळेनं बदलावं, मास्तरांनी बदलावं, साहेबांनी शेरा मारावा, ह्यासाठी मी तुझ्या मागून पालघरपर्यंत चालत गेलो असतो. पण घरात नको. घराच्या उंबऱ्याच्या आत माझी मुलगी बाकीच्यांसारखी असावी, तिच्यासाठी काही वेगळं करावं लागू नये, एवढाच माझा हट्ट. मिशी उतरवली असती तर माझ्याच तोंडावर लिहिलं गेलं असतं की हिला ऐकू येत नाही. मला ते वाचायचं नव्हतं. तुला हे तेव्हाच कळलं असणार. म्हणून तू कातर आणायचीस आणि परत घेऊन जायचीस.

तुझंही सगळं बरोबर होतं असं नाही हां वैनी, गेलीस म्हणून मी तुला देव्हाऱ्यात बसवणार नाही. जयूच्या आईचं म्हणणं होतं की तिला मुंबईच्या शाळेत घालावी, तिच्यासारख्या मुलांत. तू ऐकलं नाहीस. "आपली पोर आपल्या गावात शिकेल." तीन महिने दोघी जावा एकमेकींशी भाताच्या मापापुरतं बोलत होतात. जयू शिकली, आयटीआयला ड्राफ्ट्समन झाली, बोईसरला कंपनीत नकाशे काढते, सगळं खरं. पण मागं एकदा ती मला म्हणाली, "बाबा, आयटीआयला गेले तेवा पयल्यांदा माझ्यासारखी दुसरी मुलगी बघितली. तोपर्यंत मला वाटायचं, जगात मी एकटीच हाय." हे मी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तू त्यावर भांडली असतीस, मग दोन दिवस गप्प बसली असतीस, आणि मग कुठून तरी पत्ता काढून त्या मुलीला जेवायला घेऊन आली असतीस.

नाहीतरी तू कुठं थांबलीस? डोंगराकडच्या पाड्यावरून बायका यायच्या, चिंचणीकडून यायच्या. कुणाच्या पोराला दिसत नाही, कुणाची पोर चालत नाही, कुणाला अक्षरं उलटी दिसतात म्हणून मास्तर मारतो. तू मला हाक मारायचीस आणि मला ऐकू यायची नाही, मग जयूला पाठवायचीस. "बाबा, काकी बोलावते. कागद घेऊन या." मला अर्ज लिहायला शिकवणारी तू, आणि लोक मला म्हणायचे, काका, अर्ज बेस लिहिता हो तुमी. मी नको नको म्हणायचो नाही.

आणि तुझं ते घशाचं दुखणं. शेवटच्या महिन्यात होता तोही आवाज गेला. पालघरच्या दवाखान्यात तू पडलेली, ओठ हलायचे आणि कुणालाच काही कळायचं नाही. दादा वाकून विचारायचा, "काय? काय हवंय?" इतक्या मोठ्यानं की शेजारचे पेशंट उठून बसायचे. नर्स पाटी-पेन्सिल घेऊन आली, तुझा हात थरथरायचा. मग जयू आली. खुर्ची ओढून समोर बसली, तुझ्या तोंडाकडे बघत, आणि आम्हाला सांगायला लागली. त्या तिच्या जाड, थोड्या अडखळत्या आवाजात. "पाणी नको, कापूस ओला करून लावा. दादाकाकांना जेवायला पाठवा, सकाळपासून नुसत्या च्यावर हायत. पंखा बंद करा." आम्ही सगळे कान असलेले लोक भिंतीला उभे, आणि तुझं बोलणं आम्हाला तिच्याकडून घ्यावं लागत होतं.

एकदा तू बराच वेळ बोललीस. जयू मध्येच हसली, मग तिचे डोळे भरले. मी विचारलं, काय म्हणते? जयू म्हणाली, "ते मला सांगितलंय. तुमाला नाय."

तुला मूलबाळ नाही, दादाचा गुडघा गेलेला, म्हणून दहाव्याला खाडीवर पिंडापुढं मी बसलो. न्हाव्यानं डोकं केलं. मग वस्तरा हातात धरून थांबला. "काका, मिशी? नाय म्हणजे... आबा हायत ना अजून."

सगळे आबांकडे बघायला लागले. आबा दगडावर काठी टेकून बसले होते. दहा दिवस कुजबुजणारा म्हातारा एकदम जुन्या आवाजात गरजला, "काढ रे! मी काय त्याच्या मिशीवर जगतो काय?"

खाडीपलीकडचा माणूस थांबला असेल, वैनी. बारा वर्षं ज्यांच्या नावावर मी मिशी राखली, त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आलो. आरशात बघितलं तर आंघोळ घातलेल्या कोंबडीसारखा दिसत होतो. जयू पाण्याचा तांब्या घेऊन आली. दुखवट्याचं घर, म्हणून मी ओरडलो नाही. हळूच विचारलं, "जेवलीस काय, बाय?"

तांब्या हातात धरून ती तशीच उभी राहिली. "बाबा, परत बोला."

"जेवलीस काय?"

"त्याच्या पुढचं."

"...बाय."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तू तिला शिकवलंस तशी, नीट. "हे तुमी आज बोलता का रोज बोलता?"

"रोज."

"कदीपासून?"

"तू झालीस तेवापासून."

जयूनं तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "मला वाटायचं, तुमी नुसते ओरडता."

बावीस वर्षं, वैनी. तिचा बाप तिला रोज मायेनं बाय म्हणत होता आणि ते तिच्यापर्यंत गेलंच नव्हतं. "जेवलीस काय" एवढं खाडी ओलांडून जायचं, आणि जे खालच्या आवाजात यायचं ते माझ्याच ओठावर अडून राहायचं. तू काय सांगत होतीस ते मला त्या मिनिटाला कळलं. आणि मला तुलाच हाक मारावीशी वाटली, सवयीनं, मोठ्यानं.

आज पंधरावा दिवस. मिशी परत यायला लागलीय, काटेरी. सकाळी मी जयूच्या समोर बसलो, मान वर करून, आणि म्हणालो, "बाय, काकीची कातर कुठं असेल गो?"

ती उठून आत गेली आणि लगेच आली. कातर तिच्याच पिशवीत होती. तूच सांगितलं होतंस म्हणे दवाखान्यात, कातर तुझ्याकडे ठेव, पण बापानं स्वतः मागितल्याशिवाय देऊ नको.

"आणखी काय म्हणाली होती काकी?" मी विचारलं.

"ते नाय सांगणार," जयू म्हणाली. "हनुवटी वर करा, बाबा. हलू नका."